‘मिसिंग’चा अर्थ लावणारे आप्पा

वडगावचा एक विणकर लुगडी घेऊन निपाणीच्या बाजाराला आला होता. शाळेच्या दारातच त्यानं मला सांगितलं, ‘‘बाई, आमचं आप्पा गेलं.’’ बातमी आठ दिवस जुनी होती. मी वर्गात गेले, खडू घेतला, पण त्या दिवशी फळ्यावर काहीच लिहवेना...

आप्पा नात्यानं माझे कोणी नव्हते. वडगावात आमच्या सासरच्या भिंतीला लागून त्यांचा माग. चार इयत्ता इंग्रजी शिकून मागाचा धोटा हाती घेतलेला हा माणूस गल्लीचे इंग्रजी कागद वाचून द्यायचा. पण पटकन अर्थ सांगेल तर शपथ! रद्दीतून तोच शब्द असलेली तीन वाक्यं शोधायची, मगच तोंड उघडायचं. लोक वैतागायचे. मीही हसायचे.

माझे पती इंग्रजांच्या पलटणीतून लढाईवर होते. त्यांच्याबद्दल तार आली, तेव्हा ती वाचून दाखवणाऱ्या तारवाल्यानं ‘मिसिंग’ या शब्दावर नुसती मान हलवली आणि घरात रडारड सुरू झाली. बायकांनी माझ्या बांगड्यांना हात घातला. तेवढ्यात आप्पा ओरडत आले, ‘‘थांबा गं! आधी शब्द बघू द्या.’’ सगळ्यांना तासभर ताटकळत ठेवून त्यांनी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळली. एका वाक्यात टपालाची थैली मिसिंग होती, दुसऱ्यात साहेबाचं कुत्रं, तिसऱ्यात पुस्तकाचं पान. ‘‘ह्यातलं मेलेलं एक बी न्हाय,’’ आप्पा म्हणाले. ‘‘सापडंना झालंय, एवढंच लिवलंय.’’ बांगड्या राहिल्या. ते उपकार मी कोणत्या तोंडानं सांगू...

पुढं सासूबाईंची समजूत घालून त्यांनीच मला इंग्रजी शिकवलं. लढाई संपल्यावर दुसरा कागद आला, तो मीच वाचला. मृत समजण्यात येत आहे, असं त्यात होतं. आप्पांनी कागद घेतला, पण या खेपेस रद्दी काढली नाही. घडी घालून तो परत माझ्या हातात दिला. ‘‘पोरी, त्येनी समजलंय. बघितलेलं न्हाय. आता कुंकवाचं तू ठरीव. कुणी बोललं तर माझ्याकडं धाड.’’ मी कुंकू पुसलं नाही. गल्ली बोलायची ती बोलली. मग मला निपाणीच्या शाळेत नोकरी लागली.

परवा वडगावला गेले. माग बंद होता. आप्पांची बायको, आक्का, मोकळ्या कपाळानं कोपऱ्यात बसली होती. तिच्यासमोर कुंकू लावून उभं राहायची मला लाज वाटली. मी पदर पुढं ओढला. आक्कानं तो मागं सारला, फडताळातून आपला कुंकवाचा करंडा काढला आणि माझ्या हातात ठेवला.

‘‘माझं मला ठावं हाय गं,’’ ती म्हणाली. ‘‘तुझं अजून न्हाय. तू लाव.’’