तानाबाईच्या भाजीचं पाणी

आमच्या नालवाडीत तानाबाईच्या हातची भाजी ज्यानं खाल्ली नाई, त्यानं भाजी खाल्लीच नाई असं समजा. घरामागं तिचे वाफे आहेत, पालक, चवळी, चिवळ. देवळीच्या बाजारात ती जुड्या मांडून बसली की बाया आधी तिच्यापाशीच वाकतात. तिचा हेका एकच. भाजीच्या देठापासून पाण्यापर्यंत काही वाया जाऊ द्यायचं नाई.

मागच्या साली तिच्या पायावर सूज आली. सावंगीच्या दवाखान्यात दाखवलं, तर किडन्या थकल्या म्हणाले, रक्तात पोटॅशियम वाढलं. ते फार वाढलं तर काळजाचा ठोकाच बिघडते म्हणे. तिथं खाण्यापिण्याचं सांगणाऱ्या सरिता मॅडम आहेत. त्यांनी रीत दिली. भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, पाणी टाकून द्यायचं, मग फोडणी. अन् खायची लहान वाटीभरच. हे सगळ्याच किडनीवाल्यांसाठी नाई, ज्याचं त्याचं रक्त पाहून ठरते, हेही सांगितलं. रक्त पुन्हा तपासू, पोटॅशियम उतरलं नाई तर पालेभाजी बंद, म्हणाल्या.

बंद हा शब्द तानाबाईले सुईसारखा टोचला. घरी येऊन मले म्हणे, "मावशी, साऱ्या देवळीले भाजी चारून राह्यली मी, अन् माह्याच ताटातून काढतेत."

मग तिनं नेम धरला. उकळलं, गाळलं, मुठीत दाबून पिळलं. पण रक्त तपासलं तर पोटॅशियम होतं तिथंच. तानाबाई काय ऐकते! तुमची रीतच खोटी, असं तिनं मॅडमले तोंडावर सुनावलं. मॅडम काही रागावल्या नाईत. दिवसभरात काय काय पोटात जाते ते विचारत गेल्या. भाजी, वरण, भाकर.

"भाकरीचं पीठ कशात मळता?"

तानाबाई छताकडं पाहू लागली. बोलली ती तिची सून माधवी. "भाजीच्याच पाण्यात. आई फेकूच देत नाईत."

मॅडमनं हसू दाबलं. भाजीतून जे काढलं, तेच भाकरीतून परत गेलं, म्हणाल्या. मग विचारलं, "अंबाडीचं पाणी काय करता हो?"

"ते फेकतेत. लय आंबट असते," तानाबाई म्हणाली.

"मग पालकालाही अंबाडीच समजा."

हे मात्र तानाबाईले पटलं. अंबाडी पिळून पाणी फेकायचं तिच्या सासूनंच शिकवलं होतं, अन् सासूचा शब्द ती आजही मोडत नाई. आता पालकाचं पाणी थंड करून ती कढीलिंबाले घालते. झाडाले थोडीच किडनी असते, म्हणते. पुढच्या तपासणीत आकडा उतरला. वाटीभर भाजी तिची कायम राह्यली.

परवा मी मोठ्या हौसेनं पालकाची पातळ भाजी घेऊन गेलती तिच्याकडं. तिनं वास घेतला, डोळे मिटले अन् कटोरा माह्याकडं सरकवला.

"मावशी, हिचं पाणी कुठं गेलं, ते सांगा पयले."

काय सांगणार, पाण्याचीच तर ती भाजी. तिथंच बसून मीच खाल्ली.