लचमनची रील

लचमन नायडू दारात उभा राहिला तेव्हा मी डाळ निवडत होते. हातातलं सूप त्याच्या टाळक्यात घालावं असं वाटलं.

"अक्का, वडिअण्णा आहेत का? गळाची रील बिघडलीय."

"आहेत. जिवंत आहेत अजून. तुझी कृपा नाही त्यात."

आमच्या डर्बनच्या धक्क्यावर एक रीत आहे. कुणाच्या गळाला मोठा मासा लागला की "वर घ्या!" अशी आरोळी उठते आणि बाकीचे सगळे आपापल्या दोऱ्या गुंडाळून घेतात. माशाने ताणलेली दोरी दुसऱ्या दोरीला घासली तर तुटते ना! माझ्या नवऱ्याला, वडिवेलला, जन्मात एकदाच माणसाच्या उंचीचा काब मासा लागला. सगळ्यांनी दोऱ्या वर घेतल्या. लचमनने घेतली नाही; गडबडीत ते फक्त ह्यांनी पाहिलं. मासा गेला, आणि वर हा मेला धक्काभर सांगत सुटला, "रील दुरुस्त करणाऱ्याचीच रील ऐन वेळी अडकली!" लोक पोट धरधरून हसले. मग एकेक गिऱ्हाईक शहरातल्या दुकानाकडे वळलं. ह्यांनी धक्क्यावर जाणंच सोडलं. व्हरांड्यातल्या कामाच्या टेबलावरची धूळ मी रोज पुसायचे आणि पुसताना लचमनचा उद्धार करायचे.

आणि आता त्याच टेबलावर त्याची रील! शहरातल्या दुकानदाराने हात वर केले होते. मासा ओढायला लागला की हँडल उलटं गरगरा फिरायचं. लचमनची बोटं सुजली होती. बरं वाटलं मला.

ह्यांनी झाकण उघडून वास घेतला. "खोबरेल?"

"घरात तेच होतं, अण्णा."

"थंडीत थिजलंय ते. उलटं फिरू न देणारी बेअरिंग त्यातच बुडालीय. घसरणार नाही तर काय होईल?"

मी खो खो हसले. लचमन मान खाली घालून गेला.

तो फाटकाबाहेर पडला न पडला तोच मी ह्यांच्या कानाशी लागले. "अहो, त्याच बेअरिंगला बोटभर ग्रीस फासा. मोठा मासा लागू दे, हँडल उलटं फिरून बोटंच मोडतील मेल्याची."

ह्यांनी रील पार सुटी केली. स्पिरिटने एकेक भाग धुतला, पुसला, वाळवला. दातेरी चाकांना ग्रीस लावलं, ती बेअरिंग मात्र जवळजवळ कोरडीच ठेवली. माशाच्या ओढीला लगाम घालणाऱ्या चकत्या नव्या घातल्या. हँडल फिरवलं तर आवाज म्हणून नाही.

"लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं रागाने. "त्या माणसाची रील इतकी मन लावून करताय!"

"अंजलै, शनिवारी फ्लास्क भरून घे. मी येतोय धक्क्यावर."

शनिवारी हे गळ घेऊन थेट लचमनच्या शेजारी जाऊन उभे राहिले. लचमनच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू होता. "बघा, लोण्यासारखी फिरते! नवी असताना अशी नव्हती!" जो तो रील फिरवून बघत होता.

तेवढ्यात त्याची काठी वाकली. "वर घ्या!" सगळ्यांनी भराभर दोऱ्या गुंडाळल्या. हे समुद्राकडे बघत नुसते उभे.

"वडिअण्णा, दोरी!" लचमन किंचाळला.

"दिसतेय मला."

मासा आडवा पळाला. दोरीला दोरी घासली आणि लचमनची काठी फटकन सरळ झाली.

"मुद्दाम केलंत तुम्ही!"

"मी? तुझी रील अडकली असेल. आण इकडे, सगळ्यांसमोर उघडून दाखवतो."

लचमनने आजूबाजूला पाहिलं. सकाळपासून ज्यांच्यापुढे फुशारकी मारली होती तेच सगळे उभे होते. "रील चांगली होती," तो पुटपुटला.

"मग मासा का गेला?"

"तुम्ही दोरी वर घेतली नाही म्हणून."

"आणि माझा?"

लचमन काठीशी चाळा करू लागला. म्हातारे पेरुमल ताता म्हणाले, "बोल की लेका, दातखीळ बसली का?"

"मी... मी वर घेतली नव्हती. त्यांची रील ठीक होती."

"मोठ्याने!" मी ओरडले. "वाऱ्यात ऐकू येत नाही!"

त्याला मोठ्याने सांगावं लागलं. पार टोकाला बसलेल्यांनीसुद्धा ऐकलं.

तेव्हा कुठे ह्यांनी आपली दोरी वर घेतली. मी फ्लास्क उघडला आणि सगळ्यांना चहा दिला, पेरुमल तातांना दोनदा. लचमनचा कप मात्र उपडाच राहू दिला.