ह्यांना न सांगितलेला पासवर्ड

चार वर्षं मी कैदेत होते, आणि माझा जेलर पलंगावरून उठू शकत नव्हता.

ह्यांना जाऊन आज वर्ष झालं. बहीण म्हणाली, आज तरी चांगलं लिही. चांगलंच लिहितेय.

लकव्याने ह्यांची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, डोकं मात्र शाबूत. मी शाळेतली नोकरी सोडली. खासगी बाजार मोहल्ल्यातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना एकदम अरुंद. हे वर अडकले, म्हणून मीही वर अडकले.

ह्यांच्या डाव्या हातात स्टीलचा चमचा असायचा. पलंगाच्या दांडीवर टक टक केलं की मी हजर.

भाजी घ्यायला उतरले तरी कानात टक टक. भाजीवाला विचारायचा, "दीदी, रोज इतनी जल्दी काहे की?" त्याला काय सांगणार, कपाळ?

मग पुण्याच्या एका संस्थेने विचारलं, घरून ऑनलाइन संस्कृत शिकवाल का? सोमवारपासून. सोमवारी आला नाहीत तर दुसऱ्या कुणाला देऊ.

त्या दिवशी मी पोळ्या लाटताना गुणगुणत होते. हे ऐकत होते.

आणि शनिवारी लॅपटॉप बसला. चालू व्हायचा, गोल फिरत राहायचं, बंद व्हायचा, परत चालू. तोही आमच्यासारखाच अडकला.

दुकानवाला फोनवर म्हणाला, "आठ-दस दिन तो लगेंगे मैडम, छोड़ जाइए."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मतलब, एक खिडकी उघडली होती, तीही गेली.

टक टक.

"नवी सिस्टिम टाकावी लागेल," हे म्हणाले. "तू टाक."

"मी?"

"मग कोण, मी?"

लॅपटॉप ह्यांचा. मी तोवर फक्त त्याची धूळ पुसली होती.

कपाटात सिस्टिमची सीडी होती. ट्रे उघडेना. सेफ्टी पिन खुपसून बाहेर काढला, सीडी ठेवली, तर नुसती घरघर. पुढे काही नाही.

"ड्राइव्ह मेलाय," हे म्हणाले. "पेन ड्राइव्हवरून टाकू. खाली जा."

खाली श्रीवास्तव भाभींकडे कंप्युटर होता. हे वरून फोनवर सांगत होते, मी खाली पेन ड्राइव्ह तयार करत होते. भाभी म्हणाल्या, "भाईसाहब क्या बोल रहे हैं, कुछ समझ नहीं आ रहा."

मला एकूण एक अक्षर समजत होतं.

वर येऊन लॅपटॉप ह्यांच्या पलंगावरच ठेवला.

"चालू कर आणि लगेच एफ-बाराचं बटण. दाबतच राहा."

दाबलं. परत तेच गोल.

"उशीर केलास."

परत केलं. परत तेच.

"अगं, लोगो यायच्या आधी. किती वेळा सांगू?"

"मग या ना उठून तुम्हीच."

तोंडातून गेलं.

"येतो," हे म्हणाले. "चप्पल दे."

मी एवढी हसले की खाली बसले. हेही हसले, अर्ध्या तोंडाने. पुढच्या वेळी एफ-बारा बरोबर लागलं.

मग स्क्रीनवर आलं की जुनं सगळं पुसलं जाईल, चालेल का?

त्यात ह्यांचे किल्ल्यावरचे फोटो होते. पाय चालत होते तोवर दर रविवारी हे किल्ल्यावर जायचे. पोपट, घारी, धुक्यातलं शहर. बाहेरचं जग म्हणून ह्यांच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

"नको," मी म्हटलं. "दुकानात देऊ. ते आधी फोटो काढून घेतील."

"मग सोमवार जाईल."

"जाऊ दे."



"मी पाहिलेत ते," हे म्हणाले. "दाब."

मी दाबलं.

सिस्टिम बसली. मग तिने नाव विचारलं. मी सवयीने ह्यांचं टाकलं. गॅस ह्यांच्या नावावर, बिजलीचं बिल ह्यांच्या नावावर, दारावरची पाटी ह्यांची.

ह्यांनी वाचलं. "खोड ते. तुझं टाक."

मग पासवर्ड.

"काय टाकू?"

"तुझा तू ठरव. मला सांगू नकोस."

"का हो?"

"काहीतरी फक्त तुझं असू दे."

आणि मान भिंतीकडे वळवली. मी टाइप करेपर्यंत तशीच ठेवली.

सोमवारी क्लास झाला. मुलं "नमो नमः" म्हणाली. तासभर चमचा एकदाही वाजला नाही. ह्यांना पाणी हवं होतं, हे नंतर समजलं.

तो पासवर्ड ह्यांनी शेवटपर्यंत विचारला नाही.

आता सगळे म्हणतात, मोकळी झालीस. झाले ना. दार उघडं आहे, जिना उतरायला कुणाला विचारायचं नाही. तरी जयेंद्रगंजच्या बाजारात गेले की अर्ध्या खरेदीतून पळत परत येते. दार उघडते आणि चमचा स्वयंपाकघरात, बाकीच्या चमच्यांत. खूप राग येतो तुमचा.

अहो, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच मी तुमचं नाव घेतलं. तुम्ही एकदा म्हणाला होता, नावाने हाक मारून बघ. मी म्हटलं होतं, काहीतरीच काय.

तो पासवर्ड तुमचं नाव होता.

तोंडाने जमलं नाही, ते रोज सकाळी तुमच्यासमोर बसून बोटांनी घेत होते. तुम्ही बिचारे मान वळवून.

आज बदललाय, म्हणून सांगून टाकते. श्रद्धांजली बाकीचे वाहतील. मी फक्त हाक मारते.

माधव.