दोन वायसर

वाडीच्या आमच्या कोल्ड स्टोरेजमधला जुना डिझेल जनरेटर बिघडला की एक मिस्त्री कामठीहून येतो. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला, टोक इंजिनला लावतो आणि डोळे मिटतो. मग एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून बघतो. ज्या नटाने आवाज बदलत नाही, दोष तिथंच.

मे महिन्यात जनरेटर काळा धूर ओकू लागला. आत संत्री भरलेली, म्हणून मिस्त्रीला लगेच बोलावलं. तो येताच मालक जनरेटरच्या पोरसवदा ऑपरेटरवर उखडले, "डिझेलमध्ये रॉकेल मिसळतोस! उद्यापासून येऊ नको."

"मालक, थोडं चूप राहा. मी आयकून राहिलो," मिस्त्री म्हणाला.

त्याने तिसरा इंजेक्टर काढला. खाली तांब्याचा एकच वायसर हवा, तिथं दोन निघाले. जुना न काढताच वर नवा बसवलेला, म्हणून इंजेक्टर नीट बसला नव्हता. मागच्या खेपेला तो बसवला कोणी, हे आम्हा कुणालाच आठवत नव्हतं. मिस्त्रीने एक वायसर गुपचूप खिशात टाकला असता, तर विषय तिथंच मिटला असता.

त्याने दोन्ही पुसून मालकांच्या तळहातावर ठेवले.

"डिझेल चांगलं हाय. या पोट्ट्याले काहून बोलता? चूक माही हाय," तो मान ताठ करून म्हणाला, "अन् पकडली बी मीच."