बर्लिनला नेलेली मरीआई

सासू-सासरे नागपूरहून जर्मनीत आमच्याकडे वाल्डॉर्फला आले आणि आठवड्यातच बाबा कंटाळले. "कंपनी आणि कोबी, याशिवाय आहे काय तुमच्या गावात?" मी म्हटलं, बर्लिनला जाऊ, तिथल्या संग्रहालयातलं बाबिलोनचं निळं दार पाहू. मी इतिहासाची पदवीधर. एकच देव ही कल्पना कुठून आली, यावर तेव्हा बरंच वाचत होते. ऐकणारं कुणीतरी हवंच होतं. नवऱ्याला रजा नव्हती, तिघंच निघालो.

वीकेंड तिकीट स्वस्त पडतं, पण त्यावर जलद गाड्या चालत नाहीत. दिवसभर चढा-उतरा. पोळ्या आणि झुणका फलाटावर उभ्यानं खाल्ला. वडीलधारी माणसं सोबत असतील तर ही काटकसर करू नका. मी केली.

रविवारी संग्रहालयात सकाळीच जा, नंतर रांग लागते. दार छायाचित्रांपेक्षा खूप मोठं आहे. पण आम्ही अडकलो शेजारच्या दालनात, ज्यूंच्या प्राचीन यहुदा राज्यातल्या घरगुती वस्तूंच्या छोट्या प्रदर्शनात. काचेमागे वीतभर मातीच्या बाया, हात छातीखाली धरलेले.

मी सांगू लागले. त्या लोकांचा मुख्य देव एक असला तरी घरोघरी अशा बाया होत्या. काही जुन्या लेखांत त्या देवाशेजारी देवीचंही नाव येतं. मग राजांनी, पुरोहितांनी बाकीचं बाहेर काढायला सुरुवात केली. पुढे बाबिलोननं जेरुसलेमचं देऊळ पाडलं, माणसं धरून नेली. तेव्हा त्यांच्यातले काही म्हणाले, आमचा देव हरला नाही, दुसरा देव मुळी नाहीच.

"गेनाऊ!" बाबा खूश झाले. 'अगदी बरोबर'साठीचा हा एक जर्मन शब्द त्यांनी उचलला होता. "हरलेल्यांनी डोकं चालवलं."

"या बायांचं काय झालं गं?" आईंनी विचारलं.

"बऱ्याच फुटलेल्या सापडतात. फोडल्या की फुटल्या, नक्की माहीत नाही."

आईंनी पदराची गाठ सोडली. बोटभर पितळी मरीआई. "अश्शीच आहे बघ."

बाबांचा चेहरा उतरला. "दीक्षा घेतली तेव्हा सगळे देव नदीत सोडले होते ना?"

"माझ्या आईची आहे हो. हात नाही जोडत मी तिला."

"याच देवांच्या नावानं आपल्याला गावाबाहेर ठेवलं. विसरलीस?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी "राहू द्या ना, बाबा" म्हटलं, तर ते म्हणाले, "आत्ता तूच सांगत होतीस की." आपल्या धम्मात देवच नाही, तुलना जुळत नाही, हे मला सांगता आलं असतं. आईंनी मूर्ती त्यांच्या हातावर ठेवली.

परतीच्या गाडीआधी बाबा स्टेशनवरच्या चार तोंडांच्या कचरापेटीसमोर थांबले. "हे कशात जातं?"

"पॅकिंग नाही, म्हणजे रेस्टम्यूल," मी म्हणाले. इतकी वर्षं इथं कचरा वेगळा करताना जशी म्हणते तशीच. उरलेला कचरा. उत्तर अगदी बरोबर होतं. आत पितळेचा ठण् असा आवाज झाला तेव्हा मला कळलं मी काय सांगितलं. गाडी लागली होती. मी पेटीत हात घातला नाही. लोक बघत होते.

घरी नवऱ्यानं विचारलं, कसं होतं बर्लिन? बाबा म्हणाले, उत्तम. आई म्हणाल्या, पाय दुखले.

बर्लिनला जरूर जा. दोन दिवसांनी भाजी निवडताना आईंनी मान वर न करता विचारलं, "त्या मातीच्या बाया कुणाच्या होत्या, ते लिहिलं होतं का गं तिथं?"

"गावाचं नाव होतं, आई."

"बाईचं?"

"नाही."