घोट्याइतकं पाणी

आमचे वाटाडे पूर्वी एसटीत कंडक्टर होते. आता रविवारी सकाळी आम्हा काही हौशी लोकांना वाशिममधल्या बुजलेल्या ओढ्याच्या वाटेनं फिरवतात. कुणी रेंगाळलं, की अजूनही "पुढं सरका, मागं मानसं उभी हायेत" म्हणतात. इथे धोब्यांचे दगड होते, तिथे म्हशी बसायच्या, असं सांगता सांगता मध्येच घसा खाकरतात.

बाजाराजवळ ओढ्यावर स्लॅब टाकून रस्ता केलाय. तिथे आले की ते चपला काढून हातात घेतात, पायजमा वर ओढतात आणि पायानं पाण्याचा तळ चाचपत पलीकडे जातात. लोक हसतात. मलाही अवघडल्यासारखं व्हायचं, मी दोन पावलं मागेच राहायचो.

गेल्या रविवारी तिथल्या भाजीवाल्या म्हाताऱ्या मावशींनी त्यांना हटकलं, "आज पानी किती हाय, भाऊ?"

आता हे चिडणार, असं मला वाटलं. ते शांतपणे म्हणाले, "घोट्याइतकं."

"मंग मले पल्याड न्या. लगन होऊन आली तवा इथूनच उतरली होती मी."

त्यांनी हात पुढे केला. मावशींनी लुगडं थोडं उचललं. दोघं सावकाश रस्ता ओलांडून गेली, आणि पलीकडे पोचल्यावर मावशींनी वाकून लुगड्याचा काठ पिळला.