शनिवार-रविवार सोडून

अडकलेलं पेन जोर लावून उघडायचं नसतं. जुन्या पेनात शाई वाळून दगड झालेली असते, आटे एकमेकांना धरून बसलेले असतात. पिळलं की नळी तडकते. म्हणून आम्ही ते अंगावर उबवतो. मी फडक्यात गुंडाळून कमरेला निऱ्यांच्या शेजारी खोचते आणि दुसऱ्या कामाला लागते. मधूनमधून काढून दोन बोटांनी हलकेच फिरवून बघायचं. नाही फिरलं तर परत खोचायचं. हे मला माझ्या नवऱ्याने शिकवलं. तो काखेत धरायचा. गिऱ्हाइकाशी बोलताना त्याचा एक हात अंगाला चिकटलेलाच असायचा, नवीन माणसाला वाटायचं याचा खांदा दुखतोय.

मुलुंडला शाळेच्या भिंतीला लागून दर शनिवार-रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. नाणी, घड्याळं, कॅमेरे, पितळेची भांडी. तिथे आमचं शाईच्या पेनांचं टेबल असतं. टेबल दोघा भावांचं होतं. धाकटा भंगारवाल्यांकडून माल आणायचा आणि विकायचा, थोरला दुरुस्त करायचा. कोरोनात दोघे एकदमच आजारी पडले. थोरला गेला, तो माझा नवरा. भाऊजी वाचले, पण त्यांना तेव्हापासून वास येत नाही. गॅस चालू राहिला तरी कळत नाही, फोडणी जळली तरी कळत नाही.

नवरा गेल्यावर त्याच्या जागी मी बसायला लागले. कोणी बसवलं नाही, दुरुस्तीला पेनं साठली होती म्हणून बसले. घाटकोपरला भाऊजींच्याच घरी राहते. माझ्या मुलीचं लग्न त्यांनी उभं केलं, मांडवात बापाच्या जागी तेच उभे राहिले. आजवर मला लागेल असा एक शब्द ते बोललेले नाहीत. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून उद्या मलाच त्यांचा राग येईल.

बाजारात ते बोलतात, मी बोलत नाही. मला अनोळखी माणसासमोर शब्द सुचत नाही. पोरंपोरी मोबाईल धरून शूटिंग करायला येतात, भाऊजी म्हणतात, "या आमच्या वहिनी, पेनांच्या डॉक्टर." सगळे मोबाईल माझ्याकडे वळतात आणि मी निबेत डोकं घालते. शेजारचा घड्याळवाला दर वेळी तेच बोलतो, "काय डॉक्टर, आज कमरेला किती पेशंट अ‍ॅडमिट?" मी हसते. हसलं की बोलावं लागत नाही.

मुलगी वेसाव्याच्या बाजूला कोळीवाड्यात दिली आहे. दिली म्हणजे मुलगा तिने स्वतःच पसंत केला. तिला दिवस गेले तेव्हा मला आनंदाआधी धसका बसला. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, आणि तिला माहेर म्हणजे दुसऱ्याच्या घरातला माझा एक कोपरा. भाऊजी म्हणाले असते, आणा इथे. पण एका खोलीत त्यांची दोन मुलं अभ्यास करतात, तिथे बाळंतीण कुठे निजवू?

ते विहीणबाईंनीच सोडवलं. त्या मासे विकतात, मोठ्या आवाजाच्या आहेत, मला त्यांची भीती वाटते. ओटीभरणाला गेले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "घर नाय तं नाय. तू ये हिकडं, सव्वा महिना राहा. मी पहाटे बंदरावर जातंय, तं पोराला न्हाऊ कोण घालील? पण बाय, येशील तं पुरी ये. आमच्यात न्हाणवणारा हात बदलत नाय. आज एक, उद्या दुसरी, असं केलं तं पोर किरकिरं होतंय."

हात बदलू नये हे आमच्याकडेही म्हणतात. मला ते पटलं. घरी येताना बसमध्ये मी मांडीवर पर्स ठेवून बाळ कसं पालथं घ्यायचं ते आठवत होते. पायांच्या नडग्यांवर घ्यायचं, मान डाव्या तळहातावर.

आता भाऊजींना विचारायचं राहिलं होतं. मी बरेच दिवस वाक्य जुळवत होते. शेवटी एका रविवारी गिऱ्हाईक नव्हतं, ते वडापाव खात होते, तेव्हा बोलले.

"जा की वहिनी," ते लगेच म्हणाले. "पोरीचं बाळंतपण आईने नाही करायचं तर कोणी? सव्वा महिना काय, दोन महिने राहा."

मला वाटलं झालं.

"फक्त शनिवार-रविवार या. बाकी पाच दिवस तुमचेच."

ते इतक्या प्रेमाने बोलले की हे नाही म्हणणं आहे हे मला घरी पोचल्यावर कळलं. विहीणबाईंना फोन केला, शनिवार-रविवार सोडून येते म्हणाले. त्या पलीकडून म्हणाल्या, "म्हणजे मंग शनिवारी पोर घाण ठेवायचा काय?" आणि हसल्या. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "नाय जमत तं आत्ता सांग गो. माझी नणंद येईल. मना राग नाय."

मी म्हटलं, थांबा, बघते.

बघण्यासारखी एकच वाट होती. माझ्या जागी कोणी बसलं तर मी सुटणार होते. जाऊबाईला शिकवायचं ठरवलं. तिला दुपारी बसवलं, निब कशी काढायची, निबेखालची जीभ कशी धुवायची दाखवलं. तिने ते बरं केलं. मग एक अडकलेलं पेन तिच्या हातात दिलं आणि कमरेला खोच म्हटलं.

"ई, ताई! कुणाकुणाच्या खिशातलं असेल ते."

"पुसलंय मी."

"आणि कधी निघणार ते?"

"उबेल तेव्हा. दुपार जाईल कदाचित."

"म्हणजे मी कोंबडी झाले," ती म्हणाली. "तुमच्या दिराला सांगा, पेनं उबवायला बायको नाही, खुराडं आणा." आम्ही दोघी खूप हसलो. हसून झाल्यावर तिने पेन माझ्यासमोर ठेवलं आणि चहा टाकायला उठली.

भाऊजींच्या ते कानावर गेलं. त्यांना जरा लागलं असावं. म्हणाले, "दादाचं बघून मलाही येतं सगळं. पुढच्या शनिवारी तुम्ही येऊच नका. मी एकटा करून दाखवतो. जमलं तर पुरा सव्वा महिना जा." ते मनापासून म्हणत होते. त्यांनाही मला सोडायचं होतं, हे मला त्या दिवशी समजलं.

मी घरी बसून त्यांना सगळं परत सांगितलं. काळं रबरी पेन अंगठ्याने घासलं की जळक्या रबराचा वास येतो, त्याला लांबून थोडी आच दिली तर चालतं. शिंपल्यासारखी चमक असलेलं रंगीत पेन घासलं की कापराचा वास येतो. त्याच्याजवळ काडीसुद्धा ओढायची नाही, ते कापरासारखंच पेट घेतं. ते मान हलवत ऐकत होते. मी सांगत होते आणि ते ऐकत होते, आणि दोघांनाही आठवलं नाही की त्यांना वास येत नाही.

त्या शनिवारी मी दिवसभर घरीच होते. डिंकाच्या लाडवांची यादी मनात करत होते. खारीक, खोबरं, आळीव. भाऊजी लवकर परत आले. टेबलाची पेटी दारातच ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. उजव्या हाताच्या बोटांना टूथपेस्ट लावलेली होती.

एका शिक्षिकेने तिच्या वडिलांचं पेन आणलं होतं. काळं होतं म्हणून त्यांनी ते रबरी धरलं. काळ्यातही एखादं कापराचं निघतं, ते नाकालाच कळतं. मेणबत्तीच्या वर धरलं मात्र, भप्पकन ज्योत उठली. घड्याळवाल्याने पाणी ओतलं. राहिली ती फक्त निब.

"काय म्हणाली हो ती?" जाऊबाईने विचारलं.

"काही नाही. निब कागदात बांधून द्या म्हणाली."

 जेवताना भाऊजी डाव्या हाताने चमचा धरून भात खात होते. मध्येच थांबून म्हणाले, "वहिनी, तुम्ही जा. मी टेबल बंद ठेवतो तेवढे दिवस."

जाऊबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. पाण्याचा तांब्या उगाच उचलून पलीकडे ठेवला. बाजारातली जागा सलग बंद ठेवली तर दुसऱ्याला जाते, हे त्या घरात मुलांनाही माहीत आहे. अडवलं असतं तर मी कदाचित भांडले असते. चौथीपर्यंत शिकलेली असले तरी भांडता मलाही आलं असतं. पण ते जा म्हणाले, भाजलेली बोटं समोर होती, आणि मी म्हटलं, "नको. मी शनिवार-रविवार आहे."

मुलीला फोनवर सांगितलं, न्हाणवायला तुझ्या सासूबाईंची नणंदच येऊ दे. ती "बरं" म्हणाली. मी वाट बघत होते ती रडेल म्हणून, किंवा चिडेल. ती म्हणाली, "यांच्या आत्या चांगल्या आहेत गं. त्यांचा हात हलका आहे म्हणतात."

मुलगा झाला. नातू पाहायला मी सोमवारी गेले, लाडू घेऊन. त्यांच्या घरी मोरीजवळ पाट मांडलेला होता आणि विहीणबाईंची नणंद पाय लांब करून बसली होती. मोठी, भरल्या अंगाची बाई, मनगटापर्यंत तेल. तिने बाळ बरोबर धरलं होतं, मान डाव्या तळव्यावर. एकही चूक नव्हती. मी चूक शोधत होते, हे माझ्याच लक्षात आलं आणि मी नजर बाहेर गल्लीत वाळत घातलेल्या जाळ्याकडे वळवली.

विहीणबाईंनी ते पाहिलं. त्या दिवशी त्या बंदरावर गेल्या नव्हत्या. फडताळातून मऊ जुनं पातळ काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "न्हाणवायचा हात एक," त्या म्हणाल्या. "पुसायला कोन नको बोलतंय?"

तेव्हापासून मी त्यांच्याकडेच राहते आणि रोज पुसते. ओलं बाळ माझ्या हातात येतं, लाल झालेलं, रडून थकलेलं. कानामागे, गळ्याच्या वळ्यांत, बोटांच्या बेचक्यांत. शेक, धुरी देतात तोवर माझ्याजवळ असतं, मग आईकडे जातं. सोमवार ते शुक्रवार.

आज शनिवार. सकाळी पिशवी भरून ठेवली आणि उगाच घोटाळत राहिले. मोरीत पाणी काढलं जात होतं. मला वाटलं मुलगी म्हणेल, आई, आजचा दिवस थांब. तिने म्हटलं असतं तर मी थांबले असते की नाही, ते मला माहीत नाही. ती बाळाचे कपडे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "अजून इथेच? निघ ना आई, उशीर होईल तुला."

मी पातळ घडी करून तिच्या उशाशी ठेवलं. जिन्यात आले तेव्हा आत बाळ रडायला लागलं होतं. मी खाली उतरले.